कुत्र्याची लस आणि ‘संरक्षण’ या शब्दाचा अर्थ



आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला फोन केला. ‘सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता कुत्र्यांच्या लशीवर काय बोलणार?’ शंका रास्त आहे. मी पशुवैद्य नाही. कुत्र्याला सुई टोचायची वेळ आली तर खोलीतून पहिला मीच बाहेर पडेन. पण एखादा शब्द सगळेच वापरतात आणि प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ निराळा असतो, तेव्हा आमच्या धंद्याचं काम सुरू होतं. आज तसा एक शब्द घेतो आहे : ‘संरक्षण’.

निमित्त अगदी घरगुती आहे. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांच्या कुत्रीला गोचीड ताप झाला. हिरड्या पांढऱ्या पडल्या, खाणं सुटलं. उपचार वेळेवर मिळाले, ती वाचली. पण गृहस्थांच्या मनात एक प्रश्न राहिला. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, ‘रेबीजची लस दिली, डिस्टेंपरची दिली, पार्व्होची दिली. मग याची का नाही दिली?’ डॉक्टर म्हणाले, ‘याची लस आपल्याकडे नाहीच.’ गृहस्थ संध्याकाळी मला म्हणाले, ‘माणूस चंद्रावर गेला आणि एका गोचिडीच्या तापावर लस नाही?’

मला उत्तर ठाऊक नव्हतं. म्हणून वाचत गेलो. तेव्हा कळलं की कुत्र्यांसाठी परजीवींविरुद्ध लशी झाल्या आहेत, एक नव्हे, अनेक. त्या कारखान्यात तयार झाल्या, परवाने मिळाले, विकल्या गेल्या आणि त्यांतल्या काही बाजारातून परतही गेल्या. का परत गेल्या, याचा इतिहास मला लशींच्या शोधाइतकाच बोधक वाटला.

लस म्हणजे काय समजत होतो आपण

मराठीत ‘लस’ म्हणजे मुळात फोडातून, जखमेतून पाझरणारा पातळ द्रव. देवीच्या लशीमुळे तो शब्द आपल्याकडे टोचण्याच्या क्रियेला चिकटला. देवी हा रोग असा, की एकदा येऊन गेला आणि माणूस वाचला तर सहसा पुन्हा येत नाही. शरीराने शत्रू ओळखला, त्याला हाकलला, दार लावून घेतलं. लशीने हीच गोष्ट रोग न होता घडवून आणायची. 1885 मध्ये पाश्चरने जोसेफ माइस्टर नावाच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतर लस टोचली, तेव्हापासून तर कुत्रा, लस आणि जीव वाचणं ही त्रयी लोकांच्या मनात पक्की बसली. लस घेतली म्हणजे रोग होणार नाही. घेतली की सुटलो.

परजीवींचं तसं नाही. जंत घ्या, गोचिडीतून रक्तात जाणारा बाबेशिया घ्या, किंवा लिशमानिया घ्या. हे जीव आपल्या यजमानाच्या शरीरात महिनोन् महिने, वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतात. एकदा होऊन गेल्यावर शरीर त्यांना पुरतं हाकलतं असं नाही, बऱ्याचदा त्यांच्याशी तडजोड करतं. थोडे जंत राहतात, कुत्रा चालता-फिरता राहतो. निसर्गानेच जिथे दार पूर्ण लावलेलं नाही, तिथे लशीने ते पूर्ण लागेल ही अपेक्षा कुठून आली? ती देवीच्या आणि रेबीजच्या लशीकडून उसनी आली. अपेक्षा एका रोगाची, लस दुसऱ्या रोगाची. पुढची सगळी भानगड इथून सुरू होते.

ग्लासगोची वासरं आणि अमेरिकेतली कुत्री

अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म, हा आतड्याला दातांनी चिकटून रक्त पिणारा जंत. माणसाचे वेगळे, कुत्र्याचे वेगळे. तो शरीरात शिरतो कसा हे कैरोमध्ये आर्थर लूस यांना अपघाताने कळलं. प्रयोगशाळेत अळ्या असलेल्या पाण्याचे थेंब त्यांच्या हातावर सांडले, कातडी लाल होऊन खाजली, आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच विष्ठेत अंडी सापडली. अळी कातडीतून शिरते, ही गोष्ट त्यांनी 1898 मध्ये मांडली.

पुढे अमेरिकेत 1931 मध्ये मॅककॉय यांनी दाखवलं, की कुत्र्याला थोड्या थोड्या अळ्यांचा संसर्ग पुन्हा पुन्हा दिला तर तो मोठ्या संसर्गाला तोंड देऊ शकतो. 1939 मध्ये ऑटो आणि कर यांनी जिवंत अळ्या वाढत्या मात्रेने कातडीखाली टोचून कुत्र्यांत प्रतिकारशक्ती आणली. पण जिवंत अळी टोचणं म्हणजे रोगच टोचणं. मात्रा चुकली तर कुत्रा मरायचा.

तोडगा निघाला ग्लासगोत, आणि तोही कुत्र्यांसाठी नव्हे, वासरांसाठी. वासरांच्या फुप्फुसात एक जंत होतो, त्याने वासरू खोकून खोकून मरतं. ग्लासगोच्या पशुवैद्यक शाळेतल्या जॅरेट, अर्क्वार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जंताच्या अळ्यांवर क्ष-किरण सोडले. मात्रा अशी बेतली की अळी मरत नाही, शरीरात शिरते, थोडा प्रवास करते, पण वाढून प्रौढ होत नाही. शरीराला शत्रूची ओळख पटते आणि शत्रू मात्र वयात येत नाही! 1950 च्या दशकाच्या अखेरीस ही लस ‘डिक्टॉल’ नावाने बाजारात आली. तिच्याच पठडीतली लस नंतरही दशकानुदशके विकली गेली. आपल्याकडे काश्मीरमध्ये मेंढ्यांच्या फुप्फुसातल्या जंतावर याच तऱ्हेची लस तयार झाली.

ग्लासगोत तयार झालेल्या थॉमस मिलर यांनी हाच प्रयोग कुत्र्यांच्या अंकुशकृमीवर केला. क्ष-किरण दिलेल्या अळ्या, कातडीखाली दोन वेळा. लस टोचलेल्या पिलांच्या आतड्यातल्या जंतांची संख्या चांगल्या प्रयोगांत नव्वद टक्क्यांच्या घरात घटली, रक्तक्षय टळला. अमेरिकेत 1973 मध्ये ही लस विक्रीला आली. आणि 1975 मध्ये बाजारातून गेली. दोन वर्षं!

मी हे प्रथम वाचलं तेव्हा वाटलं, काहीतरी अपघात झाला असणार, कुत्री मेली असणार. तसं नव्हतं. लस प्रयोगशाळेत जे करत होती तेच बाहेरही करत होती. मग झालं काय?

काही अडचणी व्यवहाराच्या होत्या. लशीत जिवंत अळ्या, म्हणजे माल नाशवंत. साठवण जिकिरीची, टिकाऊपणा कमी, किंमत जास्त. जंतांचं औषध मात्र स्वस्त आणि सोपं. पण मुख्य अडचण मला वाटते ती वेगळी. कुत्र्याला जंत आहेत की नाहीत हे पशुवैद्य कसं बघतो? विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून अंडी शोधतो. लस दिलेल्या कुत्र्यात शंभराऐवजी दहा जंत उरले, तरी ते दहा अंडी घालणारच. मालक विचारतो, ‘डॉक्टर, लस दिली ना?’ डॉक्टर भिंगातून बघतो, अंडी दिसतात. झालं! लस निकामी.

ज्याला प्रयोगशाळा यश म्हणत होती, त्याला दवाखान्यातलं भिंग अपयश म्हणत होतं. दोघंही खोटं बोलत नव्हते. प्रयोगशाळेचा प्रश्न होता ‘जंत किती कमी झाले?’ भिंगाचा प्रश्न होता ‘जंत आहेत की नाहीत?’

मग वासरांच्या बाबतीत हीच युक्ती का चालली? शेतकऱ्याला वासराच्या फुप्फुसात चार जंत उरले याचं काही वाटत नाही. वासरू मरू नये, त्याने अंग धरावं, एवढंच त्याचं म्हणणं. कुत्रा आपल्या घरात, गादीवर, पोराबाळांत असतो. त्यातच कुत्र्याच्या अंकुशकृमीच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरून नागमोडी खाजरी रेघ उठवतात, म्हणजे अंगणात पडलेली थोडी अंडीही मालकाला नकोच असतात. एकच शास्त्र, एकच क्ष-किरण. पण वासराच्या मालकाचं ‘संरक्षण’ म्हणजे कमी नुकसान, आणि कुत्र्याच्या मालकाचं ‘संरक्षण’ म्हणजे शून्य जंत. पहिल्याला लस पुरी पडली, दुसऱ्याला अपुरी.

या गोष्टीला पुढे एक फांदी फुटली, तीही सांगून टाकतो, कारण तिच्यात धोका या शब्दाचा खरा अर्थ दिसतो. माणसाच्या अंकुशकृमीवर लस करायचे प्रयत्न या शतकात पुन्हा सुरू झाले. आता अख्खी अळी नको, तिच्यातलं एक प्रथिन वेगळं काढून टोचायचं. कुत्र्याच्या जंतातलं त्याच जातीचं प्रथिन आधी कुत्र्यांवर तपासलं, निकाल आशादायक आले. अमेरिकेतल्या निरोगी माणसांत लस निर्धोक ठरली. मग ती ब्राझीलमधल्या मिनास जेराइस राज्यात, जिथे हा जंत घरोघरी आहे तिथे नेली. तिथे लस दिल्याबरोबर काही जणांच्या अंगभर गांधी उठल्या. चाचणी थांबवावी लागली. 2012 मध्ये त्याचं कारण प्रसिद्ध झालं : त्या गावच्या लोकांच्या रक्तात या प्रथिनाविरुद्ध ॲलर्जीची प्रतिपिंडे आधीपासूनच होती, कारण जंत त्यांच्या शरीरात येऊन-जाऊन होता.

म्हणजे बघा, ज्यांना कधी जंत झाला नव्हता त्यांना लस सोसली, आणि ज्यांच्यासाठी ती केली होती नेमकी त्यांनाच सोसली नाही. प्रयोगशाळेत वाढलेला कुत्रा आणि गावात उकिरड्यावर फिरणारा कुत्रा, यांतही हाच फरक असतो. परजीवीच्या लशीचा धोका बाटलीत मोजून भागत नाही. ती ज्याच्या अंगात जाणार, त्याचा पूर्वेतिहास पाहावा लागतो.

रोगाविरुद्ध की परजीवीविरुद्ध

आता आमच्या शेजाऱ्यांच्या गोचीड तापाकडे थोडं वळू. या तापामागे एकच जीव नसतो. आपल्याकडे कुत्र्यांत बाबेशिया गिब्सोनी आणि अर्लिकिया हे दोन्ही भरपूर आढळतात. त्यांतला दुसरा तर परजीवी नव्हे, जिवाणू आहे. फ्रान्समध्ये 1980 च्या दशकात बाबेशियावर ‘पिरोडॉग’ नावाची लस आली, पण ती बाबेशिया कॅनिस या तिकडच्या जातीवर. जात बदलली, कधी कधी तर त्याच जातीचा वाण बदलला, तरी लस लटकी पडते. ती बाटली पुण्यात आणून उपयोग नाही.

पण या लशींच्या संशोधनात एक विलक्षण गोष्ट दिसली. बाबेशियाने कुत्रा मरतो तो दर वेळी परजीवी फार झाले म्हणून मरत नाही. परजीवीने रक्तात सोडलेल्या द्रव्यांमुळे शरीर स्वतःच घाबरून जातं, रक्तदाब कोसळतो, रक्त गुठळायला लागतं. नंतर हॉलंडमध्ये जी लस तयार झाली ती या द्रव्यांविरुद्ध होती. लस दिलेल्या कुत्र्यात परजीवी शिरतोच. आजार सौम्य होतो. म्हणजे ही लस रोगाविरुद्ध आहे, परजीवीविरुद्ध नाही.

हा भेद लक्षात ठेवा. कुत्र्याच्या दृष्टीने तो गौण आहे. जगलो, मिळवलं. पण परजीवी ज्या कुत्र्यातून दुसरीकडे जातो, तिथे हा भेद जीवघेणा ठरतो. त्याची गोष्ट ब्राझीलमध्ये घडली.

‘कालाजार’ समुद्रापार

काळा आजार आपल्या बिहार-बंगालचा. 1903 मध्ये लिशमन आणि मद्रासमध्ये डोनोव्हन यांनी त्याचा परजीवी वर्णन केला. त्या दोघांच्या नावांवरून तो लिशमानिया डोनोव्हानी झाला. भारतात तो सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी, माणसाकडून माणसाकडे नेते. कुत्र्याचा त्यात हात नाही. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर उद्या कोणी घरी जाऊन कुत्र्याकडे संशयाने बघायचं.

पण 1908 मध्ये ट्युनिसमध्ये शार्ल निकोल यांना याच परजीवीचा भाऊ कुत्र्यात सापडला. भूमध्य समुद्राच्या काठाने आणि दक्षिण अमेरिकेत तो कुत्र्यांत राहतो, वाळूमाशी त्याला कुत्र्यातून माणसात, विशेषतः लहान मुलांत, आणते. ब्राझीलमध्ये लोक त्या रोगाला ‘कालाझार’च म्हणतात. आपला शब्द तिकडच्या पोर्तुगीजमध्ये जाऊन बसला आहे.

ब्राझीलच्या सरकारने 1963 च्या फर्मानाने ठरवलं की बाधित कुत्री मारायची. रोगाची पोरं दगावत होती, उपचार अवघड, म्हणून हे पाऊल. 1980 च्या दशकापासून रोग खेड्यांतून शहरांत आला : तेरेझिना, नाताल, बेलो ऑरिझोंते. आरोग्य खात्याची माणसं दारोदार जात, कुत्र्याच्या रक्ताचा थेंब घेत. प्रतिपिंडे सापडली की कुत्रा नेत. 2008 मध्ये आणखी एक आदेश निघाला, माणसांची औषधं कुत्र्याच्या या आजारावर वापरायला बंदी. पटण्याजोगं कारणही होतं; औषधं मोजकी, परजीवी त्यांना निर्ढावला तर माणसांचं काय?

पण मारून रोग कमी झाला का? 1997 मध्ये एस्पिरितो सांतो राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रतिपिंडे सापडलेली कुत्री काढून टाकली, तरी माणसांतला संसर्ग घटलेला दिसला नाही. घरोघरी काय होत होतं तेही कळत होतं. कुत्रा नेला की लोक नवं पिलू आणत. पिलू म्हणजे परजीवीला ताजं रान. काही जण कुत्रा लपवत.

अशा देशात 2003 मध्ये कुत्र्यांसाठी लिशमानियाच्या लशीला परवाना मिळाला. रिओच्या विद्यापीठात क्लारिसा पालातनिक दि सौसा यांनी ती घडवली होती, नाव ‘लिशम्यून’. परजीवीच्या पृष्ठभागावरचा एक अंश आणि चिलीतल्या एका झाडाच्या सालीतलं सॅपोनिन. टोचलेल्या जागी दुखणं, सूज, एक-दोन दिवस खाणं सुटणं, हे त्रास बहुधा आपोआप जात. मालक आनंदले. कुत्रा आता वाचणार!

आणि इथे गोष्ट फिरली. लस काय करते? शरीरात प्रतिपिंडे तयार करते. सरकारी चाचणी काय शोधते? प्रतिपिंडे. प्रतिपिंडे सापडलेल्या कुत्र्याचं काय होतं? ते तुम्हाला ठाऊक आहे.

क्षणभर थांबून आमच्या न्यायशास्त्राकडे जातो. अनुमानाचं ठरलेलं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. डोंगरावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे. हे अनुमान टिकतं, कारण अग्नी नाही तिथे धूर नसतो. या अभंग साहचर्याला व्याप्ती म्हणतात. पण जो हेतू साध्य असतानाही सापडतो आणि नसतानाही सापडतो, तो सव्यभिचार. त्यावरून काढलेलं अनुमान म्हणजे हेत्वाभास. लस येण्यापूर्वी ‘प्रतिपिंडे आहेत, म्हणून संसर्ग आहे’ हे अनुमान, थोड्या चुका धरूनही, चालत होतं. लशीने ती व्याप्तीच मोडली. आता प्रतिपिंडांचा धूर आगीचाही असू शकत होता आणि देवघरातल्या उदबत्तीचाही. पण बंब मात्र जुन्याच नियमाने निघत होता.

लस दिलेली सगळीच कुत्री चाचणीत सापडत नसत, हे खरं. काही सापडत. कोणतं सापडेल हे आधी सांगता येत नसे. सरकारची बाजूही फेटाळून लावण्याजोगी नव्हती. समजा उद्या प्रत्येक मालक म्हणाला, ‘माझ्या कुत्र्यातली प्रतिपिंडे लशीची आहेत’, तर खरोखर बाधित कुत्री ओळखायची कशी? आणि लस दिलेला कुत्रा दिसायला ठणठणीत, पण परजीवी अंगात बाळगून वाळूमाशीला देत असेल तर? शेजारच्या घरातल्या मुलाला कुत्र्याच्या निरोगी दिसण्याचा काय उपयोग? मालकाला कुत्र्याचं संरक्षण हवं होतं, सरकारला मुलाचं. लस पहिल्याचं थोडंफार करत होती. दुसऱ्याचं करते हे सिद्ध करणं फार अवघड होतं.

म्हणून 2007 मध्ये आरोग्य आणि कृषी मंत्रालयांनी मिळून अशा लशींच्या चाचण्यांचे नवे निकष ठरवले. 2014 मध्ये लिशम्यून तिसऱ्या टप्प्याच्या अटी पूर्ण करत नाही म्हणून तिचा परवाना निलंबित झाला. दुसरी लस होती, ‘लिश-टेक’. मे 2023 मध्ये तिच्या काही बॅचेसमध्ये मुख्य प्रथिनाचं प्रमाण ठरल्याप्रमाणे नसल्याचं सरकारी तपासणीत आढळलं. माल परत मागवला गेला, उत्पादन आणि विक्री थांबली. ज्यांनी विश्वासाने दर वर्षी पैसे मोजून टोचलं होतं, त्यांचं काय? लस म्हणजे विश्वासाचा व्यवहार आहे. बाटलीत काय आहे हे टोचणाऱ्यालाही दिसत नाही.

68 की 93

युरोपात 2011 मध्ये ‘कॅनिलिश’ला परवाना मिळाला. तीन आठवड्यांच्या अंतराने तीन टोचण्या, मग दर वर्षी एक. नेपल्स आणि बार्सिलोना इथे दोन वर्षं चाचणी झाली. निकाल असा : लशीची परिणामकारकता 68.4 टक्के. त्याच चाचणीतला दुसरा आकडा : लस दिलेल्यांपैकी 92.7 टक्के कुत्री आजारापासून दूर राहिली.

यांतला खरा कोणता? दोन्ही. लस दिलेल्या शंभरांतली साधारण सात आजारी पडली. लस न दिलेल्या शंभरांतली तेवीसच्या आसपास. सात आणि तेवीस यांची तुलना केली की 68 येतात. नुसते सात बघितले की 93 येतात. पण लस न घेताही शंभरांतली 77 दोन वर्षं धड राहिलीच होती, हे 93 चा आकडा सांगत नाही. जाहिरातीत कोणता छापतील, हे तुम्हीच ओळखा.

कॅनिलिशच्या माहितीपत्रकात मात्र ब्राझीलचा धडा उमटलेला दिसतो. लस फक्त संसर्ग नसलेल्या कुत्र्यालाच द्यायची, म्हणून आधी चाचणी. लशीनंतर काही काळ प्रतिपिंडांची एक चाचणी होकारार्थी येऊ शकते. आणि लस दिली तरी वाळूमाशीपासूनचा बचाव सोडायचा नाही. लस स्वतःच सांगते आहे की मी एकटी पुरी पडणार नाही. मला हे वाक्य फार प्रामाणिक वाटलं.

वाळूमाशीपासूनचा बचाव म्हणजे काय? गळ्यातला औषधी पट्टा. 2002 मध्ये इराणमधल्या अठरा गावांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या गावांत कुत्र्यांच्या गळ्यात डेल्टामेथ्रिनचे पट्टे बांधले. त्या गावांतल्या मुलांत संसर्गाची शक्यता 43 टक्क्यांनी घटली. पट्टा कुत्र्याच्या रक्तात काहीच करत नाही. माशीला चावू देत नाही, एवढंच. पण त्यामुळे कुत्रा आणि मूल दोघांचं संरक्षण एकाच गाठीत बांधलं जातं. ब्राझीलमध्येही पुढे हवा पालटली. 2016 मध्ये कुत्र्यांसाठी वेगळ्या औषधाला परवानगी मिळाली आणि नंतर सरकारच पट्टे वाटू लागलं.

महाभारताच्या आदिपर्वात, अगदी सुरुवातीला, सरमेची गोष्ट येते. जनमेजयाचं सत्र चाललेलं असतं. सरमेचं पिलू तिथे जातं, जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. पिलू आईला सांगतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. सरमा जाऊन एवढाच प्रश्न विचारते, की याने अपराध केला नाही, मग मारलं का? कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की तुमच्यावर न दिसणारं भय येईल. ब्राझीलमधल्या लस दिलेल्या, आग नसताना धुराने पकडल्या गेलेल्या कुत्र्यांबद्दल वाचताना मला सरमा आठवली. तिचा प्रश्न कायद्याला विचारलेला प्रश्न आहे : तुमच्याकडे पुरावा काय, आणि तो पुरावा नेमका कशाचा?

तर परजीवीच्या लशीची मर्यादा काय आहे, हे मी एका वाक्यात असं सांगेन : ती थोडं संरक्षण देते, आणि थोडं संरक्षण मोजायला आपण ‘आहे की नाही’ विचारणारी साधनं वापरतो. तिचा धोका सुईपेक्षा त्या न जुळणाऱ्या मोजमापात जास्त आहे. कोणी लस पुढे केली तर विचारावं : ही कोणाचं संरक्षण करते, कुत्र्याचं की शेजारच्या मुलाचं? कशापासून, संसर्गापासून की आजारापासून? आणि तिने दिलेल्या खुणा चाचणीत कशा वाचल्या जातील?

थांबतो. एखादा प्रश्न घेऊ.

*(श्रोत्यांतून प्रश्न : म्हणजे सर, कुत्र्याला लशी द्यायच्या की नाहीत?)*

बरं झालं विचारलंत. नाहीतर बाहेर जाऊन कोणी म्हणायचं, सर लशीच्या विरुद्ध बोलले. रेबीजची लस द्यायचीच, डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तितक्या वेळा. ती विषाणूविरुद्धची लस आहे आणि तिथे ‘घेतली की बचाव’ ही अपेक्षा बऱ्याच अंशी खरी आहे. डिस्टेंपर, पार्व्हो, तसंच. मी बोललो ते परजीवींच्या लशींबद्दल, आणि तिथेही मी त्या नकोत असं म्हटलं नाही. तेवीसाचे सात होत असतील तर उरलेल्या सोळा कुत्र्यांना विचारा लस हवी होती का! मी एवढंच म्हणतो, की सात उरतात हे आधी सांगा.

आमच्या शेजाऱ्यांना मी शेवटी काय सांगितलं, तेही सांगतो. म्हटलं, गोचीड तापाची लस आज आपल्याकडे नाही. पण रोज संध्याकाळी तुम्ही कुत्रीला फिरवून आणता, तेव्हा पाच मिनिटं तिच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवा. गोचीड सापडली तर नुसत्या बोटांनी चिरडू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, आणि डॉक्टरांनी दिलेलं गोचिडीचं औषध चुकवू नका. आता ते दोघं रोज जिन्याच्या पायरीवर बसलेले दिसतात. कुत्रीने मान वर केलेली असते, आणि गृहस्थांच्या नाकावर चष्मा.